प्रवाळावरचे चपटे पाहुणे

पोवळं म्हटलं की आपल्याला आधी अंगठी आठवते. पत्रिकेतल्या मंगळासाठी कुणी तरी सांगितलेली, अनामिकेत घातलेली, लालबुंद खड्याची. तो खडा म्हणजे दगड नव्हे, समुद्रातल्या इवल्या इवल्या प्राण्यांनी बांधलेलं घर आहे, असं वर्गात सांगितलं की मुली हातातल्या अंगठ्या काढून पुन्हा नीट न्याहाळायच्या. ३१ वर्षं प्राणिशास्त्र शिकवताना हा प्रसंग मी जवळजवळ दरवर्षी अनुभवला. पण जिवंत प्रवाळ एखाद्याच्या दिवाणखान्यात, सोफ्याशेजारी वाढताना पाहिलं ते निवृत्तीनंतर, न्यू जर्सीला भाच्याकडे सहा महिने राहायला गेले तेव्हा. त्याच घरात प्रवाळाला लागलेली कीडही पाहिली. त्या किडीपायी आमच्या हातून एक चूक झाली, आणि त्या चुकीतून घरातली सगळीच जणं शहाणी झाली. आज त्याचीच गोष्ट सांगते.

भाच्याच्या घरातली टाकी चांगली मोठी, साधारण ३४० लिटरची. आत खारं पाणी. वर निळसर दिवे. पाणी सतत ढवळत ठेवणारे पंप, पाणी २६ अंशांवर राखणारं यंत्र, आणि खालच्या कपाटात नळ्यांचं जाळं. 'मावशी, हा तुमच्या भाच्याचा दुसरा संसार,' असं सूनबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. त्या संसारात केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन जोकर मासे होते. माझ्या नऊ वर्षांच्या नातीनं त्यांची नावं ठेवली होती गोट्या आणि चिंगी. आणि मागच्या बाजूला, खडकांवर, होती प्रवाळं. काही मऊ, वाऱ्यावर गवत डोलावं तशी डोलणारी. काही टणक, हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या फुटलेली. या फांद्यांच्या प्रवाळाला अक्रोपोरा म्हणतात.

प्रवाळ म्हणजे एकच एक प्राणी नव्हे, ती वसाहत असते. प्रत्येक फांदीवर शेकडो बारीक तोंडं असतात, त्यांना पॉलिप म्हणतात. या पॉलिपांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. शैवाल उजेडात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतं. भाडेकरूनं भाडं तर द्यावंच, वर स्वयंपाकही करून घालावा, असा हा व्यवहार. प्रवाळाचा बराचसा रंगही या भाडेकरूमुळेच असतो. म्हणून प्रवाळ फिकट पडू लागलं की समजावं, कुठेतरी बिनसलं आहे.

इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर हा लेख वाचून कुणी तरी उद्याच मालवणला किंवा लक्षद्वीपला जाऊन फांदी तोडून आणेल! आपल्याकडे हा छंद असा करता येत नाही. कच्छचं आखात, मन्नारचं आखात, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार ही आपल्या देशातली प्रवाळांची मोठी ठिकाणं. मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहे. खडक बांधणारी सगळी टणक प्रवाळं २००१ सालापासून १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. ती तोडणं, विकणं हा गुन्हा आहे. परदेशातून येताना पिशवीत घालून आणणंही तितकंच अडचणीचं, कारण टणक प्रवाळांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आहे. अमेरिकेत मात्र मोठ्या प्रवाळाचे तुकडे कापून टाकीतच नवी रोपं वाढवण्याची पद्धत रुजली आहे. हौशी लोक असे तुकडे विकत घेतात, एकमेकांना देतात, जशा आपल्याकडे बायका जास्वंदीच्या फांद्या आणि मोगऱ्याची कलमं देतात. फांदीबरोबर मावा आणि मिलीबगही घरात येतो, हे बागेवाल्यांना ठाऊक असतं. टाकीत तेच घडलं.

जूनच्या सुरुवातीला नात म्हणाली, 'आजी, काचेवर गंज चढलाय.' मी चष्मा लावून पाहिलं. काचेवर, वाळूवर आणि मऊ प्रवाळाच्या देठांवर गंजाच्या रंगाचे ठिपके होते. काच गंजत नाही. भिंग लावलं तर ठिपके सरकत होते! तांदळाच्या दाण्याहून लहान, चपटे, आणि मागच्या टोकाला तीन शेपट्या फुटल्यासारखे. मला कोण आनंद झाला. आयुष्यभर फळ्यावर चपट्या कृमींची चित्रं काढली होती. प्लॅनेरिया, लिव्हर फ्लूक, पट्टकृमी ही पुस्तकातली नावं आजही तोंडपाठ आहेत. आणि आता सोफ्यावर बसून तसलेच प्राणी डोळ्यांसमोर सरपटत होते.

हौशी लोक या किड्याला लाल प्लॅनेरिया म्हणतात. त्याचं शास्त्रीय नाव कन्व्होल्युट्रिलोबा. खरं तर हा गट आता खऱ्या चपट्या कृमींपासून वेगळा मानतात, पण दिसायला आणि वागायला भाऊबंदच. त्याच्याही शरीरात शैवाल असतं, म्हणून तो उजेडाकडे जातो. तो प्रवाळ खात नाही. पाण्यातले सूक्ष्म जीव खातो. त्याचा त्रास दुसराच आहे. त्याला पिल्लं होण्यासाठी जोडीदाराची गरज नसते. शरीरालाच कळी फुटते, कळी गळते, दुसरा किडा तयार! बघता बघता शंभराचे हजार होतात आणि प्रवाळावर सतरंजी अंथरल्यासारखे पसरतात. उजेड अडला की आतल्या शैवालाची उपासमार, आणि शैवालाची उपासमार म्हणजे प्रवाळाचीही.

भाच्यानं दुकानातून चपट्या किड्यांवरचं औषध आणलं. डबीवर बारीक अक्षरात बरंच काही लिहिलेलं होतं. 'आधी किडे नळीनं ओढून काढा' असंही लिहिलं होतं. पण रविवारची दुपार, संध्याकाळी पाहुणे येणार, कामं खोळंबलेली. भाचा म्हणाला, 'मावशी, थांबू का पुढच्या रविवारपर्यंत?' आणि मी, प्राणिशास्त्राची शिक्षिका, म्हणाले, 'अरे, औषध आणलंयस ना? मग टाक की. कशाला वाट बघतोस?'

औषध फार चांगलं होतं, हीच पंचाईत झाली. तासाभरात काचेवरचे किडे सुटून पाण्यात तरंगू लागले. आम्ही टाळ्या वाजवल्या. आणखी थोड्या वेळानं गोट्या पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागला. या किड्यांच्या अंगात विष असतं. जिवंतपणी ते त्यांच्याजवळच राहतं. पण हजारो किडे एकदम मेले की सगळं विष पाण्यात उतरतं. औषधानं मासे मरत नाहीत, मेलेल्या किड्यांनी मरतात. भाच्यानं धावपळ करून पाणी बदललं, ॲक्टिव्हेटेड कार्बन म्हणजे विष शोषणारा कोळसा टाकला, पण या दोन्ही गोष्टी आधीपासून तयार असायला हव्या होत्या. गोट्या संध्याकाळीच गेला. चिंगी दुसऱ्या दिवशी सकाळी. पाहुणे आले तेव्हा नात आपल्या खोलीतून बाहेरच आली नाही. मागच्या अंगणात गुलाबाखाली तिनं दोघांना पुरलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण 'टाक की' हे माझे शब्द तिनं ऐकले होते.

वाचकहो, घरातल्या आजारपणातही आपण हेच करतो. निदान नीट न करता गोळी देतो, गोळीची चिठ्ठी वाचत नाही, आणि गुण आला नाही की गोळीला नावं ठेवतो. त्या दिवसापासून मी ठरवलं, आता आधी बघायचं, मग करायचं. आणि बघायचं कसं, ते नातीबरोबर बसून शिकायचं.

तर टाकीतले असले किडे ओळखायचे कसे? आम्ही जे शिकलो ते असं.

दिवसा दिव्यांखाली सगळंच झगमगतं, त्यामुळे फसायला होतं. दिवे मालवून तासभर गेल्यावर बॅटरी घेऊन बसावं. प्रवाळाच्या फांदीवर तिरका उजेड पाडला की सपाट वाटणाऱ्या जागी कडा दिसतात. दुसरी युक्ती पिचकारीची. ओव्हनमधल्या मांसावर रस सोडायला तिकडे घरोघरी रबरी फुगा लावलेली एक लांब नळी असते. तीच घ्यावी, आणि टाकीतलंच पाणी तिच्यात भरून प्रवाळावर जोरानं फवारावं. खाली पांढरा वाडगा धरावा. जे सुटून पडेल ते वाडग्यात दिसतं. पांढऱ्या वाडग्यात किडा लपू शकत नाही.

साधारण तीन प्रकार सापडतात. पहिला वर सांगितलेला गंजाच्या रंगाचा, तीन शेपट्यांचा. काचेवर आणि खडकावर सगळीकडे दिसणारा. दुसरा वामिनोआ. हा तपकिरी, गोल, टिकलीसारखा. प्रवाळाच्या अंगालाच चिकटून राहतो आणि त्याच्या अंगावरचा चिकट स्राव खातो. थोडे असले तर प्रवाळ सोसतं, फार झाले तर मलूल होतं. तिसरा मात्र खरा चोर. तो फक्त अक्रोपोरा आणि तिच्या अगदी जवळच्या जातींच्या मागे लागतो आणि प्रवाळाचं मांसच खातो. गंमत म्हणजे तो दिसतच नाही. खाल्लेल्या प्रवाळातलं शैवाल आणि रंगद्रव्यं तो आपल्या अंगात साठवतो, त्यामुळे ज्या फांदीवर बसला तिच्यासारखाच दिसतो. मालकाचाच कोट घालून घरात हिंडणारा चोर!

चोर दिसत नसला तरी त्याचे माग दिसतात. फांदीवर राईच्या दाण्याएवढे फिकट गोल ठिपके, तेही बहुतेक खालच्या, सावलीच्या बाजूला. हे त्याच्या घासाचे व्रण. आणि फांदीच्या बुडाशी, जिथे प्रवाळाचं जिवंत कातडं संपून नुसता पांढरा सांगाडा उघडा पडलेला असतो, तिथे सोनेरी-तपकिरी अंड्यांचे पुंजके. पण प्रत्येक फिकटपणा म्हणजे कीड नव्हे. पाणी तापलं, दिवे एकदम प्रखर झाले, पाण्यातले क्षार घसरले तरी रंग उडतो. अशा वेळी फिकटपणा सगळीकडे सारखा पसरतो. कीड असेल तर ठिपके-ठिपके दिसतात.

ऑगस्टमध्ये नातीनं हाक मारली. आता ती माझ्याशी बोलत होती, एवढंच नव्हे तर रोज रात्री आम्ही दोघी बॅटरी घेऊन टाकीसमोर पाट मांडून बसायचो. 'आजी, निळ्या फांदीला गोवर आलाय.' खरंच, निळसर अक्रोपोराच्या फांद्यांवर खालच्या बाजूनं ठिपके उठले होते. पिचकारी मारली. वाडग्यात पडला एक चपटा, अर्धपारदर्शक प्राणी. पिंपळाचं पान वाळल्यावर कसं दिसतं, तसा. लांबी सेंटिमीटरलाही कमी. भाचा डोक्याला हात लावून खाली बसला. त्याच्याकडे अक्रोपोराची तीन झाडं होती. त्यातलं निळं त्यानं लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला अंगठ्याएवढा तुकडा म्हणून आणलं होतं, चार वर्षांत त्याचं ओंजळभर झाड झालं होतं. मग एप्रिलमध्ये आणलेला एक हिरवा तुकडा आठवला. स्वस्त मिळाला म्हणून घेतलेला, तसाच थेट टाकीत टाकलेला. पाहुणा दारातून आला होता, आणि दार आपणच उघडलं होतं.

या वेळी कुणीही 'टाक की' म्हणालं नाही. आम्ही आधी वाचलं.

या किड्याची हकिकत मोठी वाचनीय आहे. हौशी लोकांच्या टाक्यांत तो बरीच वर्षं धुमाकूळ घालत होता, पण शास्त्रात त्याला नाव नव्हतं. २०११ साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. पुढच्याच वर्षी, २०१२ साली, तो मोकळ्या समुद्रात सापडल्याची पहिली नोंद झाली, ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर, लिझर्ड बेटापाशी. म्हणजे या प्राण्याची गाठ आधी दिवाणखान्यात पडली आणि मग समुद्रात! आता त्याचं नाव प्रोस्थिओस्टोमम अक्रोपोरी असं आहे.

आमच्या उपयोगाचं संशोधन २०१९ सालचं. वेगवेगळ्या तापमानात हा किडा किती दिवसांत वाढतो, ते शास्त्रज्ञांनी मोजलं. २७ अंशांच्या पाण्यात अंडं सरासरी ११ दिवसांत फुटतं. एका पिढीपासून दुसऱ्या पिढीपर्यंत कमीत कमी ३८ दिवस लागतात. पाणी २४ अंशांचं असेल तर हाच काळ ६४ दिवसांचा होतो. अंड्यातून निघालेलं पिल्लू पोहू शकतं, पण अक्रोपोरा मिळाली नाही तर जास्तीत जास्त ९ दिवस जगतं.

हे आकडे वाचून भाच्याच्या डोक्यात प्रकाश पडला. प्रवाळाला औषधी पाण्यात बुडवून काढलं की किडे सुटतात, मरतात. पण अंड्यांवर औषधाचा परिणाम होत नाही, त्यांचं कवच चिवट असतं. म्हणून एकदा बुडवून 'झालं' म्हणणारा माणूस तीन आठवड्यांनी पुन्हा कपाळाला हात लावतो. खरं औषध बाटलीत नव्हतंच, ते तारखांमध्ये होतं. अंडी फुटावीत आणि पिल्लांनी मोठं होऊन नवी अंडी घालायच्या आत पुन्हा बुडवावं. असं पुन:पुन्हा करावं, साखळी तुटेपर्यंत.

सूनबाईंनी फ्रिजवरचं 'कालनिर्णय' काढून टेबलावर ठेवलं. नातीनं लाल पेन घेतलं. राखीपौर्णिमेनंतरच्या रविवारी सुरुवात. सहा रविवार औषधी स्नान, पुढे चार आठवडे नुसतं निरीक्षण. दहा आठवड्यांनी दिवाळी येत होती. 'म्हणजे दिवाळीपर्यंत यांचं अभ्यंगस्नान चालणार,' असं सूनबाई म्हणाल्या, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच टाकीच्या विषयावरून घरात हसू फुटलं.

पहिलं काम स्थलांतराचं. तिन्ही अक्रोपोरा मोठ्या टाकीतून काढून एका लहान, स्वच्छ टाकीत ठेवल्या. टाकीत फक्त पंप, दिवा आणि पाणी गरम ठेवणारी कांडी. खडक नाही, वाळू नाही, लपायला जागाच नाही. मोठ्या टाकीत आता या किड्याला खायला अक्रोपोरा उरली नव्हती. तिथली अंडी फुटतील, पिल्लं शोधत फिरतील आणि उपाशी मरतील. तिथे औषधाचा एक थेंबही टाकावा लागला नाही.

मग स्नान. टाकीतलंच पाणी एका बादलीत घ्यायचं, त्यात प्रवाळासाठीचं औषध बाटलीवरच्या प्रमाणात मिसळायचं. आयोडीनची औषधं मिळतात, वनस्पतींच्या तेलांचीही मिळतात. बाटलीवर लिहिलेला वेळ घड्याळ लावून पाळायचा, एक मिनिट जास्त नाही. बुडवलेल्या फांदीवर पिचकारीनं सतत फवारायचं, कारण औषधानं किडा गुंगतो, सुटतो तो फवाऱ्यानं. मग दुसऱ्या बादलीतल्या साध्या खाऱ्या पाण्यात विसळायचं आणि लहान टाकीत परत. औषधाचं पाणी मोरीत, टाकीत कधीच नाही. हातात रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा. हे माझ्या शिक्षिकेपणाचे हट्ट, पण ते योग्य होते, कारण काही प्रवाळांच्या अंगातही विष असतं.

आणि अंड्यांचा बंदोबस्त हातानं. भिंग लावून बुडाशी अंडी शोधायची, दात घासायच्या जुन्या ब्रशानं खरवडायची. हिरव्या तुकड्याचं बूड अंड्यांनी इतकं भरलं होतं, की भाच्यानं ते कापूनच टाकलं. प्रवाळाच्या तुकड्याबरोबर दुकानातून येणारी बैठकही काढून फेकायची असते, अंडी तिथेच जास्त असतात.

पहिल्या रविवारी निळ्या झाडावरून २३ किडे पडले. नातीनं मोजले आणि कॅलेंडरवर आकडा लिहिला. दुसऱ्या रविवारी ९. तिसऱ्या रविवारी १४! भाच्याचा चेहरा उतरला. पण नात म्हणाली, 'बाबा, ही अंड्यातली बाळं आहेत. बघ ना किती लहान.' आणि तसंच होतं. कागदावरची ११ दिवसांची गोष्ट वाडग्यात उतरली होती. हा आकडा वाढला तेव्हाच औषध बदलून मात्रा दुप्पट करण्याचा मोह होतो. तो आम्ही टाळला. चौथ्या रविवारी ३, पाचव्या रविवारी १, सहाव्या रविवारी शून्य.

हिरवा तुकडा मात्र वाचला नाही. तिसऱ्या आठवड्यात त्याचं कातडं सुटून पांढरा सांगाडा उरला. तिसरं, जांभळट झाड अर्धं वाचलं. निळ्या झाडाच्या खालच्या फांद्या गेल्या, वरच्या राहिल्या.

या काळात भाच्याला ओळखीच्या लोकांनी नाना सल्ले दिले. त्यातला एक, किडे खाणारा मासा पाळायचा. सिक्स-लाइन रॅस नावाचा एक छोटा मासा हे किडे वेचून खातो. पेपरमिंट जातीच्या कोळंबीवरही प्रयोग झाले आहेत, ती किड्यांबरोबर अंडीही खाते. यांची मदत होते, पण मांजर पाळलं म्हणून घरातला शेवटचा उंदीर जातोच असं नाही. मांजर उंदीर कमी करतं, घर झाडायचं आपल्यालाच असतं. गंजरंगी किड्यांसाठी एक सुंदर निळी मखमली समुद्री गोगलगाय मिळते. ती तेच किडे खाते आणि दुसरं काहीच खात नाही. किडे संपले की बिचारी उपाशी मरते. आपलं काम झाल्यावर जी मरणार हे आधीच ठाऊक आहे, तिला घरात आणणं नातीला मंजूर नव्हतं. ती म्हणाली, 'गोट्या-चिंगीसारखं आणखी नको.' विषय तिथेच संपला. गंजरंगी किडे आम्ही आठवड्यातून दोनदा नळीनं ओढून काढत राहिलो. पुष्कळ कमी झाल्यावर, कोळसा आणि बदलायचं पाणी आधी तयार ठेवून, औषध दिलं. या वेळी कुणाला काही झालं नाही.

मग खरा उपाय कोणता? कोरोनाच्या दिवसांत आपण सगळ्यांनी एक शब्द घोकला, क्वारंटाइन. टाकीतही तोच. नवा तुकडा आला की आधी औषधी स्नान, बैठक काढून टाकणं, आणि मग वेगळ्या लहान टाकीत निदान दीड-दोन महिने मुक्काम. दर आठवड्याला भिंग लावून तपासणी. एवढं झाल्यावरच मोठ्या टाकीत प्रवेश. भाच्याकडची लहान टाकी आता कायमची तिथे आहे. नातीनं तिच्यावर मराठीत पाटी चिकटवली आहे, 'धर्मशाळा'.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे गोड्या पाण्याची टाकी, दोन गोल्डफिश आणि चार गप्पी, आम्हाला याचं काय? तुमच्याही टाकीच्या काचेवर कधी पांढरे, बारीक, सरपटणारे धागे दिसले असतील. त्यांचं डोकं बाणाच्या टोकासारखं तिकोनी असेल तर ते आपले पुस्तकातले प्लॅनेरिया. मोठ्या माशांना त्यांचा सहसा त्रास नसतो. पण ते वाढले याचा अर्थ तुम्ही अन्न जास्त घालता आहात. मासे दोन मिनिटांत संपवतील एवढंच घाला, तळ नळीनं साफ करा, महिनाभरात कमी होतात. काचेवर चिरडू मात्र नका, कारण प्लॅनेरियाचा तुकडा पडला तर त्या तुकड्यातून अख्खा प्राणी तयार होतो. नवी पाणवनस्पती आणलीत तर तिलाही काही दिवस वेगळ्या बरणीत ठेवा. आणि औषधाची बाटली उघडण्याआधी चिठ्ठी वाचा. हे मी कुणाला सांगते आहे? मलाच.

यातून एक मोठी गोष्टही लक्षात आली. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली समुद्र तापून आपल्या लक्षद्वीपची प्रवाळं पांढरी पडली. जगात अनेक ठिकाणी प्रवाळाची रोपं वाढवून ती समुद्रात लावण्याचे प्रयत्न चालू आहेत. त्या रोपवाटिकांनाही हाच किडा छळतो. अकरा दिवस आणि अडतीस दिवस हे आकडे केवळ हौशी लोकांच्या सोयीसाठी मोजलेले नाहीत, ते उद्या समुद्राच्याही उपयोगी पडतील. पाणी जितकं गरम तितकी किड्यांची पिढी लवकर तयार होते, हेही त्या आकड्यांतच आहे.

दिवाळीच्या पहाटे, उटणी-फराळ आटोपल्यावर, भाच्यानं निळं आणि जांभळं झाड मोठ्या टाकीत परत नेऊन ठेवलं. नातीनं दिवे मालवले, बॅटरी लावली, पिचकारी मारली. वाडगा मी धरला होता. वाडग्यात नुसतं पाणी. तिनं तरीही पाच मिनिटं भिंगातून पाहिलं, आणि मग 'कालनिर्णय'वर त्या तारखेला शून्य लिहिलं.

दोन आठवड्यांनी मी परत आले. परवा तिचा फोन आला. नवे जोकर मासे आणले आहेत. 'नावं काय ठेवलीस गं?' मी विचारलं. 'अजून नाही ठेवली,' ती म्हणाली. 'ते अजून धर्मशाळेत आहेत, आजी. दीड महिना झाला की ठेवीन.'